पुण्यात रांग नसते

वाघोलीला राहायला आल्यापासून मी स्वतःला विस्थापित म्हणवून घेत असे. मुलाने इथे फ्लॅट घेतला, पेठेतलं भाड्याचं घर सोडून मी त्याच्यामागे आले, आणि मंडईपासून इतक्या लांब माणसं राहतात हेच मला माहीत नव्हतं, असं भेटेल त्याला सांगत सुटले. लोक हसायचे. विनोद चांगला होता, आणि चांगला विनोद मी एकदा सांगून थांबत नाही.

एकदा तो मी पार्लरमध्ये सांगितला. सोसायटीच्या फाटकासमोरच्या त्या छोट्या पार्लरमध्ये मी भुवया कोरून घ्यायला जाते. वय झालं म्हणून भुवयांनी वाटेल तसं पसरावं असं कुठे लिहिलेलं नाही. भुवया कोरणारी मुलगी मणिपूरची, तिशीतली. मराठी गिऱ्हाइकांकडूनच शिकलेली, त्यामुळे तिचं मराठी म्हणजे "डोळे मिटा", "इथे धरा" आणि "काकू, हलू नका". बाकी सगळं हिंदी, ते मी इथे मराठीत सांगते आहे. तिने माझा विनोद शांतपणे ऐकला, दातातला दोरा काढला आणि विचारलं, "काकू, तुमचंही घर जाळलं?"

"नाही गं," मी म्हटलं, "मुलाने टू बीएचके घेतला."

"अच्छा," ती म्हणाली आणि दोरा पुन्हा दातात धरला. तो विनोद मी त्यानंतर सांगितलेला नाही.

हळूहळू कळलं ते असं. तिकडच्या लढाईत त्यांचं गाव गेलं. आई आणि चार वर्षांच्या मुलीला घेऊन ती एका शाळेत उघडलेल्या छावणीत राहिली, वर्षाच्या वर. मग ओळखीतून पुण्याचं हे काम मिळालं, म्हणून ती एकटी पुढे आली. नवऱ्याबद्दल ती बोलली नाही आणि मी विचारलं नाही. आमच्या मागच्या गल्लीत तिने एक खोली घेतली होती. आई आणि मुलगी जानेवारीअखेर येणार होत्या. खोलीत होतं काय? एक शेगडी, एक कढई, दोन ताटल्या.

"मुलगी फोनवर काय विचारते माहितीये?" ती एकदा म्हणाली. "पुण्यात जेवणाची रांग किती लांब असते? तिला वाटतं भात रांगेतच मिळतो. लहान होती ना तेव्हा. घरी शिजतो हे विसरली."

"मग तू काय सांगितलंस?"

"पुण्यात रांग नसते असं सांगितलं."

पुण्याबद्दल इतकं चांगलं याआधी कोणी बोललं नसेल. मला एकदम भरून आलं, आणि डोळ्यांत पाणी आल्यामुळे डावी भुवई जरा बारीक झाली.

मी थेट सोसायटीच्या ऑफिसात गेले आणि मदतीची गरज समजावून सांगितली. आमचे सेक्रेटरी कामाला वाघ. दोन दिवसांत क्लबहाऊसमध्ये मदतीचा डोंगर उभा राहिला. त्यात काय नव्हतं! एक पाय तुटलेला ट्रेडमिल होता. इंजिनिअरिंगची पुस्तकं होती. बॅडमिंटनच्या उपविजेत्याचा करंडक होता. ब्लाउज तर इतके, की ते सगळे घालायला अख्खी छावणी पुण्याला आणावी लागली असती, तीही फक्त ठेंगण्या बायकांची. शिजवायला एकही भांडं नव्हतं. सेक्रेटरींनी मागे फ्लेक्स लावला, मोबाईल आडवा धरला आणि तिला डोंगराशेजारी उभं राहायला सांगितलं.

तिने हात जोडले. फोटो नको आणि सामानही नको, म्हणाली. "छावणीत घेतलं, साहेब. घेतलं म्हणून जगलो. पण इथे मुलीला सांगितलंय की आता आपल्या घरी आपलं असेल."

"उत्तम," सेक्रेटरी मोबाईल खिशात घालत म्हणाले. "म्हणजे आता मदत करायची तर आधी परवानगी घ्यायची."

त्या रात्री मला झोप लागेना. तिचं चुकत नव्हतं, पण कढईत भात, कढईतच भाजी आणि तिघींत दोन ताटल्या, हे काही मला पटेना. सकाळी दारावर आमंत्रण आलं, चौथ्या मजल्यावरच्या हळदीकुंकवाचं, आणि मी चहाचा कप हातात घेऊन उभी राहिले ती राहिलेच. संक्रांत! आमच्याकडे संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदीकुंकू असतं आणि प्रत्येक घरी वाण मिळतं. दारात तीन गाड्या असलेली बाईसुद्धा प्लॅस्टिकची साबणदाणी दोन्ही हातांनी, पदर सावरून घेते. तिला कोणी गरजू म्हणत नाही, तिचा फोटो काढत नाही. सगळ्या घरांतून हिला फिरवलं तर रथसप्तमीपर्यंत खोलीत अख्खं स्वयंपाकघर उभं राहील, आणि मदत हा शब्दही कोणाला उच्चारावा लागणार नाही.

मी घरोघरी गेले आणि दबक्या आवाजात बायकांना सांगितलं: यंदा कंगवे आणि टिकल्यांची पाकिटं बंद. स्टीलचं द्या, स्वयंपाकघरात रोज लागेल असं द्या. आणि तिच्यासमोर वाण "लुटायचं" म्हणू नका, तिच्याकडे तो शब्द वेगळ्या कारणाने वापरतात. सगळ्यांनी माना डोलावल्या. एकीने तेवढं विचारलं, "पण ती सवाष्ण आहे का? मंगळसूत्र दिसलं नाही."

"माझंही दिसत नाही," मी म्हटलं, "पण सोसायटीच्या जेवणात डाळीचा हिशेब चुकला की मलाच हाक मारता." विषय संपला.

पहिल्या घरी ती आली, पार्लरच्या गणवेशावर शाल घेऊन. हळदीकुंकू लावलं, अत्तर लावलं, ओटीत बोरं आणि हरभरे घातले. ती माझ्याकडे बघून बघून तसंच करत होती, आणि मी तेव्हा नाक खाजवलं तर तिनेही अदबीने नाक खाजवलं. मग वाण आलं. चहाची गाळणी. स्टीलची, जाड दांड्याची, चांगली. मी खूश झाले.

दुसऱ्या घरी गाळणी.

तिसऱ्या घरी यजमानीण म्हणाली, "मुद्दाम मंडईजवळच्या ठोक दुकानात गेले हो, स्वारगेटला बस बदलून." गाळणी. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. आमच्या इमारतीतली प्रत्येक बाई वाणासाठी त्याच दुकानात जाते, पिढ्यान् पिढ्या, कारण दुसरीकडे गेल्यास आपण फसलो असं तिला वाटतं. आणि त्या दुकानदाराला काय चांगलं असं विचारलं की तो म्हणतो, "ताई, यंदा हेच चाललंय." मी बायकांना स्टील सांगितलं होतं. काय स्टील ते सांगितलंच नव्हतं!

चौथ्या घरी दार उघडायच्या आधीच मला हसू फुटायला लागलं. पाचव्या घरी वाण कागदात गुंडाळलेलं होतं, पण दांडा बाहेर. आमच्यासोबत फिरणाऱ्या दोघी तोंडात पदर कोंबून जिन्यातच बसल्या. यजमानीण बिचारी घाबरली, "अहो, काय झालं? कुंकू फिस्कटलंय का माझं?" मणिपूरची ती मुलगी मात्र प्रत्येक गाळणी दोन्ही हातांनी घेत होती, कपाळाला लावत होती आणि पिशवीत ठेवत होती. बहुधा हा आमचा काही धार्मिक प्रकार असावा असं तिला वाटत होतं. सातव्या घरातून निघताना तिने पिशवीत वाकून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "काकू, पुण्यात चहात नेमकं काय पडतं?"

मी जिन्याचा कठडा धरला. आम्ही चौघी हसत हसत पायऱ्यांवर इतक्या वाकड्या झालो की लिफ्टमधून उतरलेल्या एका गृहस्थांनी पाणी आणू का म्हणून विचारलं. त्यावर आणखी हसलो. तिला इतकं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

रथसप्तमी जवळ आली तेव्हा तिच्याकडे डझनाच्या वर गाळण्या झाल्या होत्या, आणि भांडं एकही नाही. मी हताश. ती भुवया कोरता कोरता म्हणाली, "काकू, तुमच्यात हे फक्त घ्यायचं असतं?"

"छे गं. जिच्या घरी बोलावणं, ती देते."

"मग मीही बोलावते. आई आणि मुलगी आल्या की. रथसप्तमीला."

मी खुर्चीतून उठले. अर्धी भुवई तशीच ठेवून उठले! नव्या घरी पहिल्यांदा जाताना आमच्यात रिकाम्या हाताने कोण जातं? ही काही मदत नव्हे, रीत आहे. मी पुन्हा घरोघरी फिरले आणि या वेळी प्रत्येकीला वस्तू नेमून दिली: तू कुकर, तू डबे, तू पातेली. मंडईत जा, पण दुकानदाराचा सल्ला घेऊ नका.

रथसप्तमीच्या संध्याकाळी आम्ही सगळ्या नटूनथटून, भांडी घेऊन तिच्या गल्लीत पोहोचलो. खोली एवढीशी. आत तिची आई चटईवर बसलेली, आणि जागा आणखी एकीपुरती. मग काय, एकेकीने आत जायचं, कुंकू लावून घ्यायचं, भेट द्यायची, बाहेर यायचं. बाकीच्या गल्लीत एकीमागे एक उभ्या राहिल्या. बसथांब्यावर ज्यांनी कधी दुसऱ्याला पुढे जाऊ दिलं नाही अशा या बायका, आणि त्या दिवशी अगदी शिस्तीत.

तिची छोटी मुलगी दारात आली. केसांना दोन रिबिनी. तिने ती लांबलचक रांग पाहिली, आणि आत गेली. बाहेर आली ती हातात ताटली घेऊन. भिंतीकडेने चालत ती रांगेच्या शेवटी गेली आणि माझ्यामागे उभी राहिली.

"मोडा! रांग मोडा आधी!" मी ओरडले. पण गल्लीत मोडून जायचं कुठे? तेवढ्यात मुलीची आई बाहेर आली. ती मुलीजवळ आली, तिच्या हातातली ताटली घेतली, आतून गाळण्या आणून त्या ताटलीत रचल्या आणि मुलीला उचलून दाराच्या उंबऱ्यावर नेऊन उभं केलं. त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं. मुलीने रांगेकडे पाहिलं, ताटलीकडे पाहिलं, आणि पहिल्या बाईच्या हातात गाळणी ठेवली. मग दुसरीच्या. आम्हीच दिलेल्या गाळण्या आम्ही दोन्ही हातांनी घेत होतो, आणि तिसऱ्या बाईपासून हसायला सुरुवात झाली ती गल्लीच्या टोकापर्यंत गेली. मुलगीही हसायला लागली. घाईघाईने देऊ लागली, पुढे या, पुढे या असं हाताने दाखवू लागली. वाढणारं माणूस कसं ओरडतं ते तिला पाठ होतं.

मध्येच तिने आईला काहीतरी विचारलं. आईने तोंडावर हात ठेवला.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"विचारते, ह्या सगळ्याजणी कुठल्या गावाहून पळून आल्या?"

सगळ्यात शेवटी माझा नंबर आला. मी हात पुढे केले. मुलीने माझा चेहरा नीट न्याहाळला, माझ्या नुकत्याच कोरलेल्या भुवयासुद्धा, आणि माझ्या हातात एक नाही, दोन गाळण्या ठेवल्या.

"छावणीत तसंच असायचं, काकू," तिची आई म्हणाली. "म्हाताऱ्यांना थोडं जास्त."

एक गाळणी मी वापरते. दुसरी अजून कागदातच आहे.