मुंगीएवढं नाव

रिक्षावाल्या काकांनी रस्त्याच्या कडेला रिक्षा थांबवली आणि मोबाईलवरचा नकाशा दोन बोटांनी ताणला. माझ्या मैत्रिणीचा नवरा गेला होता. तिला भेटायला मी निघाले होते. शहराबाहेरच्या त्या नव्या वस्तीत ती राहायला गेल्यापासून माझं जाणंच झालं नव्हतं.

ताणता ताणता गल्ली हमरस्त्याएवढी रुंद झाली, पण तिचं नाव मुंगीएवढंच राहिलं, तेही राखाडीवर राखाडी. "ताई, तुम्हीच वाचा बरं," म्हणत त्यांनी फोन मागे दिला. मी चष्मा कपाळावर सरकवला, फोन लांब धरला, जवळ आणला. नाहीच दिसलं. साठीतल्या दोन माणसांनी एका गल्लीच्या नावापुढे हात टेकले.

हल्ली औषधाच्या बाटलीवरची, विजेच्या बिलावरची अक्षरंही अशीच डोळ्यांसमोरून पळतात. हे सगळं रंगवणाऱ्यांचे डोळे पंचविशीतले असणार. त्यांच्यावर चिडायचंही आता जिवावर येतं.

शेवटी काकांनी मान बाहेर काढून कोपऱ्यावरच्या भाजीवालीला पत्ता विचारला. तिने काहीतरी सांगितलं, पण गाड्यांच्या आवाजात आम्हाला ते ऐकूच आलं नाही. आम्ही नुसते तिच्याकडे बघत राहिलो. तेव्हा हातातली मेथीची जुडी खाली ठेवून ती उठली, रिक्षापाशी आली, वाकली. "पिठाच्या गिरणीच्या मागं!" मघाचेच शब्द तिने आमच्यासाठी मोठे केले.