पितळी व्हॉल्व्ह

माझ्या सासऱ्यांना सायकलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि घरातल्या सायकलवर हुकमत मात्र त्यांचीच. पूर्वज इथल्या संस्थानच्या दरबाराचे पुरोहित, त्यामुळे शुद्ध-अशुद्धाचा मक्ता आपल्याकडेच आहे असा त्यांचा पक्का समज. माधवगंजच्या पंक्चरवाल्याने एकदा बोटाला थुंकी लावून व्हॉल्व्ह तपासला, ते यांनी पाहिलं. त्या दिवसापासून सायकल दुकानात न्यायची बंदी. हवा घरीच भरायची, तीही त्यांनीच, आणि पंपाला सुनेने हात लावायचा नाही.

सायकल मुळात सासूबाईंची, वर्षानुवर्षं जिन्याखाली पडलेली. गोरखीपलीकडच्या एका लहानशा खाजगी शाळेत मला सकाळची नोकरी लागली, तेव्हा तिला नवे टायर-ट्यूब घातले. ट्यूबबरोबर आलेला नवा व्हॉल्व्ह सासऱ्यांनी काढून ठेवला आणि जुना बसवला. "आताचा माल म्हणजे नुसता टीन. हे पितळ बघ, पितळ!" पितळ चकचकीत होतं खरं, चिंचेने घासलेलं. पण हवा अडवून धरते ती त्याच्यावरची इवलीशी रबरी नळी, आणि ती पार चिरलेली होती. तिकडे त्या महापंडितांनी पाहिलंच नाही.

संध्याकाळी चाक टणक, सकाळी सपाट. मग बादली यायची. ट्यूब काढून पाण्यात फिरवायची, पण व्हॉल्व्हचं तोंड तेवढं पाण्याबाहेर धरायचं, का तर पाणी आत जाईल. बुडबुडा दिसणार कुठून? "पंक्चर नाहीये," असं जाहीर करून ते पूजेला बसत आणि मी पायी धावत सुटायची. नवरा चहात टोस्ट बुडवत म्हणायचा, "बाबा देख रहे हैं ना, तू कशाला टेन्शन घेऊन राहिलीस?" त्याच्याविषयी अधिक लिहिण्यात अर्थ नाही.

दुसऱ्यांदा उशीर झाला तेव्हा मोठ्या मॅडमनी स्पष्ट सांगितलं, "अब लेट हुईं तो आना ही मत."

मी काही बावळट नव्हते. पाटणकर बाजारातलं माझं माहेर. वडिलांच्या सायकलचा व्हॉल्व्ह मी लहानपणी कितीदा तरी थुंकी लावून पाहिलेला. तरी नवी सून म्हणून गप्प बसले. त्याची मला आजही शरम वाटते.

पुढच्याच सोमवारी चाक पुन्हा बसलेलं. सासरे बादली भरायला वळले. मी पंप उचलला, हवा भरली, बोट जिभेला लावलं आणि त्यांच्यादेखत व्हॉल्व्हच्या तोंडावर टेकवलं. बुडबुडा फुगला, फुटला, पुन्हा फुगला.

"शी! घर आहे की पानाची गुमटी?" सासरे बादलीसकट मागे सरकले.

सासूबाई आत गेल्या आणि देव्हाऱ्याखालच्या खणातून नवा व्हॉल्व्ह आणून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. "जा, लवकर," एवढंच म्हणाल्या. तो बसवून हवा भरली आणि शाळेची घंटा होता होता मी पोचले.

संध्याकाळी सासरे चाकावर गंगाजल शिंपडत शेजाऱ्यांना सांगत होते, "सूनबाईंच्या सायकलचा दोष शेवटी मीच हुडकला." मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. सासूबाई जवळ येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या मुठीत तो पितळी व्हॉल्व्ह होता.

"मी पण शिकवायला जात होते," त्या म्हणाल्या. हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. "ह्याच सायकलने. रोज चाक बसलेलं, रोज उशीर. महिन्याभरात काढलं मला. हे म्हणाले, सायकलच अपशकुनी आहे. मी बत्तीस वर्षं तेच खरं मानून राहिले."

त्यांनी व्हॉल्व्ह कचऱ्याच्या डब्यात टाकला, हात धुतले आणि पोळपाट पुढे ओढला. बाहेर सासऱ्यांचं सांगणं चालूच होतं.