पाहुणचाराबाहेरचे काम

वर्षाराणी नीटच्या परीक्षेला दोनदा बसली आणि दोन्ही वेळा वैद्यकीय प्रवेशापासून बरीच दूर राहिली. रेणापूरजवळच्या तिच्या गावात यात कोणाला विशेष वाटले नाही. लातूरला शिकायला गेलेल्या मुलांची दोन-तीन वर्षे अशी जातात, हे तिथे धरूनच चालतात. लोकांना नवल वाटले ते तिने पुढे जे केले त्याचे. दुसऱ्या निकालानंतर तिने लातूरच्याच एका महाविद्यालयात बी.एस्सी.ला प्रवेश घेतला. वडिलांनी, भुजंगरावांनी, ते चालवून घेतले. मनाने स्वीकारले नाही. पहिले वर्ष संपत आले तेव्हा त्यांनी आपली अट सांगितली.

"डॉक्टर व्हायचं न्हाई, तर काय व्हायचं ते एक सांग. हे न्हाई आन ते न्हाई, असं किती दिवस? जूनपर्यंत सांगितलंस तर ठीक. न्हाई तर परत रिपीटरच्या बॅचला जायचं."

अट अन्यायाची नव्हती. अडचण एवढीच होती की, उत्तर देण्यासाठी जे ठाऊक असावे लागते ते तिला कोणी कधी दाखवले नव्हते. तिने शेत पाहिले होते, शाळा पाहिली होती आणि शिकवणीचे वर्ग पाहिले होते. बाकीचे व्यवसाय तिच्यापुढे केवळ नावे म्हणून उभे होते. माणसे दिवसभर तिथे नेमके काय करतात, कशाने थकतात, कशात चुकतात, हे तिला माहीत नव्हते.

महाविद्यालयात त्या वर्षी उन्हाळी इंटर्नशिप सुरू झाली होती. प्रत्येक विद्यार्थ्याने एकमेकांशी संबंध नसलेल्या तीन ठिकाणी थोडे थोडे दिवस प्रत्यक्ष काम करायचे होते. प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या सौदामिनी मॅडमकडे ती जबाबदारी होती. वर्षाराणीने यादीत डाळ मिल आणि रक्त-तपासणीची प्रयोगशाळा ही दोन नावे दिली आणि तिसरी जागा रिकामी ठेवली.

भुजंगरावांना ही योजना पसंत पडली. बाजार समितीत त्यांची ऊठबस असल्याने जिल्ह्यात त्यांना ओळखणारी माणसे भरपूर होती. मुलगी परक्या ठिकाणी जाणार, तर तिथे कोणीतरी आपला माणूस असला पाहिजे, असे त्यांना वाटले. कोणत्याही बापाला वाटले असते. त्यांनी फोन केले, आणि दोन्ही ठिकाणे ओळखीची निघाली.

लातूरच्या डाळ मिलचे व्यवस्थापक हरिओमराव हे भुजंगरावांचे वर्गमित्र होते. त्यांनी पहिल्याच दिवशी तिच्यासाठी पंख्याखाली खुर्ची मांडली. तुरीचा ओलावा मोजायचे यंत्र समोर होते, पण तिने हात पुढे केला की हरिओमराव म्हणत, "राहू दे बाई, पोरं करतील. धूळ लई असते. तू बस. काय घेतीस, चहा का सरबत?" दुपारचा डबा त्यांच्या घरून येई. शेवटच्या दिवशी त्यांच्या पत्नीने तिची खणानारळाने ओटी भरली. प्रमाणपत्रावर तिचे काम उत्कृष्ट असल्याचे लिहिले होते.

औशाची प्रयोगशाळा आईच्या चुलतभावाची, भागवतमामांची. तिथे तर तिला रक्ताच्या नळ्या ठेवलेल्या खोलीत जाऊच दिले नाही.

"लेकराला काही झालं तर तुझ्या आईला काय तोंड दाखवू?" भागवतमामा म्हणाले.

"मामा, मी शिकायला आलेय."

"मग शिक की. काचंतून दिसतं सगळं."

काचेतून दिसत होते हे खरे. तिथून परतताना तिला साडी मिळाली आणि आणखी एक उत्कृष्ट प्रमाणपत्र.

या माणसांना दोष देता येत नाही. पाहुणीला कामाला लावणे हा आपल्याकडे अपमान समजला जातो, आणि ओळखीच्या माणसाची मुलगी पाहुणीच असते. परंतु ज्या सौजन्याने तिला खुर्ची दिली त्यानेच तिच्यासाठी कामाचे दार बंद केले. यात निर्दयपणा कुठेच नव्हता, म्हणून तक्रार करायलाही जागा नव्हती. मे महिना सुरू झाला होता आणि वडिलांना देण्याजोगे उत्तर तिच्याजवळ नव्हते.

ती सौदामिनी मॅडमकडे गेली आणि म्हणाली, "मॅडम, तिसरं ठिकाण असं द्या, जिथं बाबांना कोणी ओळखत नाही."

मॅडम हसल्या. "भुजंगरावांना न ओळखणारं ठिकाण! मग तुला जिल्ह्याबाहेरच धाडावं लागणार."

अशा रीतीने वर्षाराणी नांदेडला गेली. तिथे एका न्यासाचे कृत्रिम अवयवांचे केंद्र होते: पाय गमावलेल्यांसाठी पाय बनवण्याची कार्यशाळा. राहण्याची सोय मुलींच्या वसतिगृहात झाली. केंद्रातील तंत्रज्ञ धम्मप्रियाताईंनी तिला कुणाची, कुठली, असे काही विचारले नाही. "बांगड्या काढ, केस बांध, ती बादली भर," एवढे सांगून त्या कामाला लागल्या. संध्याकाळपर्यंत वर्षाराणीच्या कोपरांपर्यंत प्लास्टर वाळले होते आणि कानशीने घासून तिच्या बोटांची सालटी निघाली होती. आपल्याला त्या दिवशी कोणी चहा विचारला नाही, हे तिला वसतिगृहात पोचल्यावर लक्षात आले.

काम समजायला सोपे आणि करायला कठीण होते. उरलेल्या पायावर ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळायच्या, हाडांच्या जागा अंगठ्यांनी दाबून धरायच्या आणि घट्ट झाल्यावर तो साचा सरकवून काढायचा. त्या साच्यावरून पुढे पाय बसवायची वाटी बनते. साचा चुकला तर वाटी चुकते, आणि वाटी चुकली तर माणसाच्या कातडीला जखमा होतात. धम्मप्रियाताईंनी तिला आधी पाहायला लावले, मग आपल्या स्वतःच्या पायावर सराव करून घेतला. त्यानंतर एके दिवशी मडिवाळप्पा आले.

मडिवाळप्पा देगलूरकडचे. आठवडी बाजारांत भांडी विकत. मधुमेहामुळे त्यांचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला होता. ताईंनी वर्षाराणीला साचा घ्यायला सांगितले आणि स्वतः शेजारच्या रुग्णाकडे गेल्या.

"मामा, पाय सैल सोडा," वर्षाराणी म्हणाली. आपल्या भागात वडीलधाऱ्या परक्या पुरुषाला मामाच म्हणतात. तिने विचार करून काही म्हटले नव्हते.

"हाव, सोडला की," मडिवाळप्पा म्हणाले. पण तिचा हात लागताच त्यांचा पाय काठीसारखा ताठ झाला.

"दुखतंय का, मामा?"

"न्हाई ग अव्वा. चालू दे तुझं."

साचा निघाला. धम्मप्रियाताईंनी तो उजेडात धरून आतून बोट फिरवले आणि बाजूला टाकला. "हा दगडाचा पाय आहे, माणसाचा नाही. पूर्ण वेळ ताठ धरला होता. काका, इतकं घाबरायला काय झालं?"

"घाबरतंय कोण?" मडिवाळप्पांनी मान खाली घातली. "ती मला मामा म्हणायली. भाचीनं मामाच्या पायाला हात लावायचा असतो का? आमच्यात तर आम्हीच भाचीच्या पाया पडतो. पाप लागंल म्हणून मी आपला वरच्यावर धरला होता."

ताईंना हसू आले. वर्षाराणीला मात्र हसता आले नाही. वडिलांच्या ओळखीपासून ती एवढी दूर आली होती, आणि इथे तिने स्वतःच एका शब्दात एक नाते उभे केले होते. डाळ मिलमध्ये आणि औशात तिच्याबाबतीत जे झाले तेच तिच्या तोंडून या माणसाबाबतीत झाले होते. आदरापोटी त्यांनी पाय आखडला होता, आणि त्यावर वाटी बनली असती तर जखम त्यांनाच झाली असती.

मडिवाळप्पांना दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावले. त्याच दुपारी न्यासाचे एक सदस्य, निवृत्त वकील वसंतराव, केंद्रात आले. भुजंगरावांना अखेर नांदेडातही माणूस सापडला होता.

"रेणापूरच्या भुजंगरावांची मुलगी तूच ना?" तिचे प्लास्टरने माखलेले हात पाहून वसंतरावांना वाईट वाटले. "अगं, मला आधी सांगायचं! धम्मप्रियाताई, हिला ऑफिसात बसवा. कॉम्प्युटर आहे, एसी आहे. उद्यापासून तिकडेच."

न्यासाच्या सदस्यापुढे बोलणे धम्मप्रियाताईंच्या अधिकारात नव्हते. बोलायचे तर वर्षाराणीनेच बोलायला हवे होते, आणि वडिलांच्या परिचिताला तोंडावर नाही म्हणण्याची तिला सवय नव्हती.

"सर," ती म्हणाली, "आज माझा साचा चुकलाय. उद्या ते पुन्हा येणार आहेत. तो मलाच घ्यायचाय."

"चुकला तर चुकला. तू काय नोकरीला आहेस का इथं?"

"नाही. म्हणूनच शिकू द्या. ऑफिसात बसले तर मला परत प्रमाणपत्र मिळेल, काम येणार नाही. तशी दोन आहेत माझ्याकडे."

वसंतरावांना हे उद्धट वाटले. त्यांनी तिथूनच भुजंगरावांना फोन लावला आणि तो तिच्या हातात दिला.

"काय करायलीस तू तिथं?" भुजंगरावांचा आवाज चढलेला होता. "वकीलसाहेब म्हणायलेत, लोकांचे पाय धरायलीस. यासाठी धाडलं का तुला?"

"बाबा, तुम्ही विचारलं होतं, काय व्हायचं ते सांग म्हणून."

"मग सांग की!"

"सांगायला आधी करून बघावं लागतं. हरिओमकाकांनी करू दिलं नाही. भागवतमामांनी दिलं नाही. तुम्ही ओळख काढलीत, अन् मी प्रत्येक ठिकाणी खुर्चीत बसले. ही शेवटची जागा आहे. इथंही बसवलंत तर जूनमध्ये मी तुम्हाला काय सांगू?"

मग भुजंगराव म्हणाले, "वकीलसाहेबांना दे."

त्यांचे काय बोलणे झाले ते तिला ऐकू आले नाही. वसंतराव फोन खिशात ठेवून एवढेच म्हणाले, "करा तुमचं तुम्ही," आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मडिवाळप्पा बाकावर बसताच वर्षाराणी त्यांच्यासमोर उभी राहिली. "मी वर्षाराणी. इथं काम शिकते. तुमचं नाव मडिवाळप्पा. मी तुम्हाला मामा म्हणणार नाही आणि तुम्ही मला भाची समजायचं नाही."

"मग काय समजू? सायब?"

"कारागीर समजा. भांड्याला पोचा पडला तर तुम्ही कारागिराकडे नेता ना? तेव्हा भांडं आखडून धरता का?"

"भांड्याला कुठं लाज असती!" मडिवाळप्पा म्हणाले, पण पाय त्यांनी सैल सोडला. मध्येच स्नायू ताठ झाला तशी ती थांबली. पट्ट्या वाळू लागल्या होत्या, तरी ती थांबली. "बाजाराचं सांगा. सगळ्यात जास्त काय खपतं?" मडिवाळप्पा घागरींच्या भावावर बोलू लागले आणि पाय पुन्हा ढिला पडला.

साचा तपासून धम्मप्रियाताई म्हणाल्या, "एका बाजूला दाब कमी आहे. ते मी घासून भरून काढीन. बाकी चालेल." लगेच त्यांनी पुढच्या रुग्णाला हाक मारली.

इंटर्नशिप संपली तेव्हा भुजंगराव तिला न्यायला स्वतः नांदेडला आले. केंद्रात ते रुग्णांच्या बाकावर बसून राहिले, कारण बसायला दुसरी जागा नव्हती. वर्षाराणी एका म्हाताऱ्या बाईच्या पायावर पट्ट्या गुंडाळत होती. तिने वडिलांकडे पाहिले आणि काम चालू ठेवले. ते संपेपर्यंत भुजंगरावांना थांबावे लागले. शेजारच्या माणसाने त्यांना विचारले, "तुमचा कोणता पाय?" भुजंगरावांनी दोन्ही पाय बाकाखाली ओढून घेतले.

बसमध्ये त्यांनी विचारले, "मग ठरलं का?"

"डाळ मिलमधलं मला आवडतं का, ते मला अजून माहीत नाही. लॅबमधलंही नाही," वर्षाराणी म्हणाली. "हे मात्र माहीत आहे. हे काम मला अजून येत नाही, आणि ते यावं असं मला वाटतं. याचा साडेचार वर्षांचा कोर्स असतो. प्रवेश सोपा नाही."

"डॉक्टर म्हणतात का त्या लोकांना?"

"नाही."

वाटेत लोह्याला बस थांबली तेव्हा भुजंगरावांनी मोबाइल काढला, लातूरच्या शिकवणी वर्गाला फोन लावला आणि रिपीटरच्या बॅचमध्ये तिच्यासाठी धरून ठेवलेली जागा दुसऱ्या कोणाला द्यायला सांगितली.