अजगर आणि पोळी

ईस्ट कोस्ट भागातल्या आमच्या कॉन्डो सोसायटीत शेजारच्या काकू पाहुण्याला "अर्धीच घ्या हो" म्हणत अख्खी पोळी वाढतात. सकाळी त्या प्राण्यांच्या शेल्टरवर मदतीला जातात. तिथे कुणीतरी चोरून पाळलेला, जप्त झालेला अजगर आला होता आणि काही केल्या खात नव्हता. काकूंनी चिमट्यात मेलेला उंदीर धरून त्याच्यापुढे नाचवला, लाडीगोडी लावली. शेवटी वैतागून उंदीर त्याच्या काचेच्या पेटीत ठेवला, वर चादर टाकली आणि घरी आल्या.

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्येच ओरडल्या, "खाल्लं हो त्यानं!"

रविवारी त्यांच्याकडे जेवायला गेलो. काकूंनी ताट वाढलं आणि आग्रह न करता स्वयंपाकघरात जाऊन दार लावून घेतलं. अखेर मीच दार वाजवून पोळी मागितली. काकूंचा चेहरा लिफ्टमधल्यासारखाच फुलला.