बाणांवर नेम

मुलगी तिरंदाजीसाठी विद्यापीठांच्या आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धेला निघायची होती, तेव्हा मी आमच्या दिल्लीतल्या, द्वारकेच्या फ्लॅटमधल्या फ्रिजवर एक यादी लावली. डावीकडे माझी कामं, उजवीकडे तिची. झालेल्या कामावर रेघ मारायची, एवढा एकच नियम. यादी नसली की आमच्या घरात सगळे एकमेकांकडे बघत बसतात आणि काम शेवटी मीच करते.

तरी व्हायचा तो त्रास झालाच. विद्यापीठातून बोनाफाइड आणायला तीन फेऱ्या. पहिल्या वेळी क्लार्क जेवायला गेलेला, दुसऱ्या वेळी शिक्का ज्यांच्या कपाटात त्या बाई रजेवर, तिसऱ्या वेळी पत्र मिळालं पण त्यात मुलीचा मुलगा झालेला. संघाचा ब्लेझर दोन मापं मोठा. धनुष्याची पेटी क्रीडासाहित्यात धरायची की शस्त्रात, यावर विमान कंपनीच्या हेल्पलाइनवर पाऊण तास. दर वेळी नवा माणूस आणि मी पुन्हा पहिल्यापासून. नवरा म्हणाला, "हो जाएगा." दिल्लीत इतकी वर्षं काढून त्यानं एवढंच उचललंय. आपोआप काही होत नाही, कुणीतरी करतं.

निघायच्या आदल्या आठवड्यात माझ्या रकान्यात तिच्या अक्षरात एक ओळ आली: 'बाणांवर नेम'. मी वैतागले. नेम धरायचं कामही आता माझंच? ती इथंच वाढलेली; मराठी बोलते, पण कुठलाही प्रत्यय कशालाही लावते. मी 'बाणांवर' खोडून 'बाणांचा' केलं आणि ओळ उचलून तिच्या रकान्यात टाकली. बाण नवे होते, कोचबरोबर त्यांचा नेम बसवून घ्यायचा असेल, असं मी धरून चालले. चार दिवसांनी कोच फोनवर म्हणाले, नवे बाण मस्त बसलेत. मी ओळीवर रेघ मारली. तिनं नुसती रेघ पाहिली, ओळ कुठल्या रकान्यात आहे ते नाही, आणि बाणांची नळी न उघडता पेटीत ठेवून दिली.

तिथं ती पेटी एक दिवस उशिरा पोहोचली. त्यामुळे नळी उघडली ती थेट स्पर्धेआधीच्या साहित्य-तपासणीला. मी तेव्हा मेट्रोत होते, कोपर्निकस मार्गावरच्या ऑफिसला निघालेली. फोन वाजला.

"आई, बाणांवर नेम नाहीये."

"असं कसं? कोच तर म्हणाले मस्त बसलेत."

"कोण बसलंय? आई, नेम. एकावर पण नाही."

"घाबरू नकोस. हाताला घाम आला असेल तर पूस. मोठा श्वास घे आणि..."

"अरे यार आई. माझं नेम. एन ए एम ई. प्रत्येक बाणावर लिहायचं असतं, रूल आहे. मी तुझ्या लिस्टमध्ये लिहिलं होतं."

आतापर्यंतचे बाण अकादमीचे असत आणि त्यांवर कोच लिहून देत. हे बारा तिचे स्वतःचे, पहिलेच. माझं अक्षर बारीक म्हणून तिनं ते काम मला दिलं होतं.

"मग नाव म्हण ना," मी म्हटलं. "नाव लिहायला काय झालं होतं?"

"आता मराठीचा क्लास नको ना. वीस मिनिटांत टेबल बंद होणार. असे बाण चालणार नाहीत आणि दुसरे नाहीयेत. मला खेळूच देणार नाहीत."

"मॅनेजर कुठे आहेत?"

"पता नहीं. ब्लेझर बदलून घ्यायला गेलेत."

"मार्कर?"

"तू पॅक नाही केलास."

खरं होतं. यादीत नव्हता.

"टेबलावर पंच बसलेत ना? ते सह्या कशानं करतायत? त्यांच्याकडे माग."

"पंचांकडे? ऑकवर्ड आहे, आई."

"तीन वर्षं पहाटे पाचला उठून तुला मैदानावर सोडलं, ते तुला ऑकवर्ड वाटू नये म्हणून? जा, माग. फोन चालू ठेव."

मग तिचं अतिशय नम्र इंग्रजी ऐकू आलं, एका पुरुषाचं हसणं, आणि पुढे नुसती खरखर. माझं स्टेशन आलं आणि गेलं. उतरताना फोन कट होईल म्हणून मी उठलेच नाही. शेजारच्या बाईनं विचारलं, "बच्ची का पेपर है?" मी हो म्हटलं. बाकीचं कोण समजावत बसणार.

"झालं," शेवटी ती म्हणाली. "त्यांनी मार्कर दिला. बाराच्या बारा लिहिले. पास." आणि फोन बंद.

मी यमुनेपलीकडे उतरले, उलटी गाडी धरली आणि ऑफिसात चाळीस मिनिटं उशिरा पोहोचले.

पात्रता फेरीच्या क्रमवारीत ती अर्ध्याच्या खाली राहिली आणि पहिल्याच लढतीत हरली. गाझियाबादहून नणंदेचा फोन आला, "मग, मेडल?" मी म्हटलं, "खेळली." त्यांना ते उत्तर पुरेसं वाटलं नाही. मला त्या आठवड्यात तेवढं पुष्कळ होतं.

ती परतली त्या दिवशी मी तिला विमानतळावर घ्यायला गेले. चूक निम्मी माझी, हे कबूल करायची तयारी करूनच गेले होते. ती मला एका शब्दानं बोलली नाही, त्यामुळे मला धड भांडताही येईना. गाडीत बसल्यावर तिनं विचारलं, "पण आई, तुझ्या मराठीत नेम म्हणजे काय असतं?"

मी सांगितलं. बाण जिथं लागायला हवा तिथं लागावा म्हणून धरतात तो.

तिनं सीटबेल्ट ओढून लावला. "अच्छा. मग त्या दिवशी ती पण नव्हती माझ्याकडे."

"तो," मी म्हटलं. "तो नेम."