मर रोगाची राखण करणाऱ्या मॅडम

डॉ. शकुंतला मेश्राम यांची आणि माझी ओळख झाली ती एका पेलाभर पाण्यावरून. मी तेव्हा बालाघाटला शेतीशास्त्र शिकत होतो आणि आम्हा विद्यार्थ्यांना घेऊन मॅडम लांजीकडच्या एका गावात गेल्या होत्या. नामदेवराव शेंडे यांच्या वावरातली टमाटरची हिरवीगार झाडं एकाएकी माना टाकत होती. मॅडमनी पाणी मागितलं. नामदेवरावांच्या पत्नी सुशीलाबाई लगबगीने काचेच्या पेल्यात पाणी घेऊन आल्या. मॅडमनी एका झाडाचं खोड कापलं आणि त्याचा तुकडा सरळ त्या पाण्यात धरला.

"अवो मॅडम, ते तुमाले पेयाले आनलं न!" सुशीलाबाई ओरडल्याच.

"थांबा वो बाई. हे झाड काहून मरून राह्यलं, ते पाहू द्या मले आधी."

थोड्याच वेळात खोडातून दुधासारखे पांढरे धागे पाण्यात उतरू लागले. हा जिवाणूंचा मर रोग, तो मातीत ठाण मांडून बसतो आणि औषधाला दाद देत नाही, असं मॅडमनी समजावून सांगितलं. सुशीलाबाईंनी एवढंच विचारलं, "मंग आता आमी टमाटर लावाचंच नाही का?" मॅडमचं पुढचं सगळं संशोधन त्या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात गेलं, असं मी मानतो.

भरवेलीच्या खाणीत काम करणाऱ्या वडिलांची ही लेक आज साठ वर्षांची होत आहे. मी त्यांचा विद्यार्थी, आता त्यांच्याच शेजारच्या टेबलावर बसतो. त्यामुळे मॅडमचं काम मला जवळून पाहता आलं. आपल्याकडे परसात आपोआप उगवणारं, बोराएवढ्या फळाचं टमाटर मर रोगातही तग धरतं. त्याचा तो गुण बाजारात चालणाऱ्या मोठ्या फळाच्या जातीत आणायचा, हा मॅडमचा ध्यास. सांगायला सोपं आहे. पण रोगाला तोंड देणारा जनुक आणि फळ बारीक ठेवणारा जनुक हे सख्खे शेजारी. एकाला जेवायला बोलावलं की दुसराही पाटावर येऊन बसतो. त्या दोघांची ताटातूट झालेलं रोप शोधण्यात मॅडमची उमेदीची वर्षं गेली.

कोवळ्या पानाच्या तुकड्यावरून जनुक ओळखता येतो, तरी मॅडमचा शेवटचा भरवसा मातीवर. म्हणून त्यांनी आमच्या संशोधन केंद्राच्या कोपऱ्यात एक 'आजारी वाफा' जपला आहे. त्यात मर रोग मुद्दाम जिवंत ठेवायचा, नव्या रोपांच्या मधेमधे रोगाला हमखास बळी पडणारी एक जात लावायची, आणि ती मेली की वाफा ठणठणीत आजारी आहे असं समजायचं! वाफ्यातून बाहेर पडणाऱ्याने बूट धुवायलाच हवेत. एकदा एक बडे पाहुणे तसेच गाडीकडे निघाले, तर मॅडम बादली घेऊन त्यांच्या मागे धावल्या. आपल्या पायांनी कुणाच्या वावरात रोग जाऊ नये, यात त्यांच्याकडे कुणाला सूट नाही.

रोपांच्या बाबतीत इतक्या कडक असलेल्या मॅडम माणसांच्या बाबतीत मात्र भलत्याच मऊ. संकर करायला शिकताना माझ्या धसमुसळ्या हातांनी सकाळभर कळ्या मोडल्या. मी बोलणी खायच्या तयारीत उभा होतो. मॅडमनी चहा पुढे केला आणि म्हणाल्या, "झाड पुन्हा कळ्या काढते. तू कायले तोंड पाडून बसला?"

हाच मऊपणा मी मागच्या हंगामात पुन्हा पाहिला. मोठ्या फळाची, रोगातही टिकेल अशी आशा असलेली पिढी अखेर वाफ्यात लावली होती. एकही झाड मेलं नाही. आम्ही फोटो काढले, पेढे आणायला माणूस पाठवला. मॅडम मात्र त्या हमखास मरणाऱ्या जातीपाशी थबकल्या. तीही डौलात उभी होती.

"ही काहून जित्ती आहे?" त्यांनी विचारलं.

तेव्हा केंद्राच्या शेतीचे नवे व्यवस्थापक अभिमानाने पुढे आले. पाहुणे येणार म्हणून लावणीआधी त्यांनी त्या एवढ्याशा वाफ्यात पोतंभर ब्लीचिंग पावडर ओतून रोगाचा नायनाट केला होता. मॅडम बांधावर खाली बसल्या. "सगळेच पास झाले म्हणजे परीक्षाच झाली नाही," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. व्यवस्थापकांचा चेहरा उतरला, तेव्हा त्यांनाच धीर देत म्हणाल्या, "रोग दिसला की माणूस तो घालवणारच. पाटी आम्ही लावायला हवी होती."

आता रोग आणायचा कुठून? बातमी लांजीपर्यंत गेली आणि नामदेवरावांचा फोन आला, "मॅडम, रोगच पाहिजे ना? आमच्या वावरात मस्त आहे, पाहिजे तेवढा न्या!" रोग वाटेत सांडू नये म्हणून मॅडमनी फोनवरच बजावलं. त्याप्रमाणे मेलेली झाडं आणि त्यांच्या मुळांची माती पक्क्या बांधलेल्या पिशव्यांत भरून नवराबायको मोटरसायकलवर आले. सुशीलाबाई हट्टाने दरवर्षी चार झाडं लावत होत्या आणि ती दरवर्षी मरत होती, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. पिशवी देताना त्या म्हणाल्या, "तुमचं झाड ह्या मातीत जगलं, तं आमच्या वावरातबी जगंल न?"

"हौ," मॅडम म्हणाल्या. "म्हणून तं तुमचीच माती पाहिजे मले."

ती माती वाफ्यात मिसळून या हंगामात आम्ही पुन्हा लावणी केली. मी हे लिहीत असताना वाफ्यातल्या त्या हमखास मरणाऱ्या जातीने माना टाकल्या आहेत. मॅडमच्या रोपांतलीही काही गेली. ती त्यांनी स्वतः उपटली. बाकीची उभी आहेत, आणि त्यांना मूठभर आकाराची फळं लागली आहेत. पुढची परीक्षा खऱ्या वावरात. सुशीलाबाईंनी विहिरीजवळची पट्टी कधीचीच मोकळी ठेवली आहे.

मॅडमना उदंड आयुष्य लाभो, बांधावरून चालणारे त्यांचे पाय असेच खंबीर राहोत, ही आम्हा सर्व विद्यार्थ्यांची आणि सहकाऱ्यांची मनापासून इच्छा. आणखी एक मागणं माझं एकट्याचं. पुढच्या हंगामात त्या पट्टीजवळ सुशीलाबाई पुन्हा काचेच्या पेल्यात पाणी घेऊन येतील. ते पाणी या खेपेला मॅडमनी निवांत प्यावं.