वारा कुठल्या मजल्यावर?

गल्लीने लिफ्टकाकांकडे पहिल्यांदा नीट लक्ष दिलं, ते एका दुपारी. गच्चीच्या कठड्याला पोट टेकून ते एका पत्र्याच्या बाणाशी भांडत होते. "अरे, एका जागी थांबशील की नाही!"

तळमजल्यावरची शिंपीण मशीन सोडून बाहेर आली. "काका, कुणाला एवढं?"

"वाऱ्याला!"

काकांनी छत्तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. लिफ्ट मजल्याच्या बोटभर खाली थांबली, तरी त्या दिवशी त्यांना जेवण गोड लागत नसे. निवृत्त होऊन घरी बसले, तेव्हा काकूंचा दमा किती वाढलाय ते त्यांना दिसलं. घरामागे ओतकामाचा कारखाना. वारा तिकडून फिरला की धूर थेट काकूंच्या खोलीत. खिडकी कायमची लावून ठेवावी, तर कोंदट हवेत त्यांचा जीव आणखीच घाबरा होई. समोर हातभरावर शेजारची भिंत, त्यामुळे वारा कुठला ते खोलीतून कळायचं नाही. कळायचं ते धूर आत आल्यावर, आणि तोवर खोकला सुरू झालेला असायचा.

म्हणून काकांनी वारा घरात आणायचं ठरवलं. मोडीत निघालेल्या एका लिफ्टची मजले दाखवणारी पाटी त्यांनी जपून ठेवली होती. तळमजला ते सातवा, आठ दिवे. दिशाही आठच! गच्चीवरच्या बाणाच्या दांड्याला चुंबक, भोवती गोल आठ स्विच, तिथून वायर खाली काकूंच्या उशाशी.

"पाच म्हणजे कारखाना. पाच लागला की खिडकी लाव," काकांनी बजावलं.

"म्हणजे वारा पाचव्या मजल्यावर उतरला की त्याच्या तोंडावर दार लावायचं," काकू म्हणाल्या. "बरं."

पण वारा म्हणजे काही लिफ्ट नव्हे. दिवे नुसते नाचायचे. चार, पाच, चार, सहा, पुन्हा चार. काका दिवसातून दहा वेळा जिना चढले, स्विच सरकवले, बाणाचं शेपूट कापलं, पुन्हा जोडलं. काही केल्या वारा एका मजल्यावर धड उभा राहीना. "हे काय काम म्हणायचं?" ते स्वतःवरच चिडायचे. काकू म्हणत, "असू दे हो, मला कळतंय त्यातलं." पण ऐकतो कोण!

शेवटी त्यांनी बाणाच्या बुडाशी रबराचं वॉशर घातलं आणि पान्याने करकचून आवळलं. दिवा दोनवर आला आणि तिथेच राहिला. चार दिवस काका पोटभर जेवले.

"काका, तुमचा वारा अडकला वाटतं," शिंपीण म्हणाली. "दार उघडायला कुणाला बोलावू?"

"अडकला नाही, स्थिरावलाय! सकाळपासून जरासुद्धा लुकलुकला नाही," काका तिच्या दुकानाच्या पायरीवर उभं राहून सांगत होते, आणि तेवढ्यात वरून खोकला ऐकू आला.

ते धावत वर गेले. खिडकी सताड उघडी, खोलीत धुराचा वास, आणि काकू पलंगाची कड धरून वाकलेल्या. उशाशी दोनचा दिवा शांतपणे जळत होता. वारा मंद होता. आवळलेला बाण हलवण्याइतका जोर त्याच्यात नव्हता, धूर आणण्याइतका मात्र होता. काकांनी खिडकी लावली, वाफेचं यंत्र काकूंच्या तोंडाला धरलं.

बऱ्याच वेळाने काकूंना बोलता आलं. "नाचू दे हो त्याला," एवढंच त्या म्हणाल्या.

काकांनी गच्चीवर जाऊन वॉशर काढून टाकलं.

आता पाचचा दिवा दोनदा लुकलुकला की काकू खिडकी लावतात, आणि त्यांचा अंदाज सहसा चुकत नाही. जेवण दोघं त्यांच्याच खोलीत करतात. काका पाटीकडे पाठ करून बसतात.